अल्पऊर्जा डेस्कटॉप संगणक

अल्पऊर्जा डेस्कटॉप संगणक म्हणजे नेहमीची कार्यालयीन कामे कमीत कमी विजेवर करण्यासाठी जुळवलेला मेजावरील संगणक होय. त्याचा खरा उपयोग वीजबिलापेक्षा वीज गेल्यानंतर कळतो.

तत्त्व

प्रोसेसरमधील गतिक वीजवापर हा विद्युतदाबाच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या प्रमाणात असतो. दाब १.२ व्होल्टवरून ०.९ व्होल्टवर आणला, तर वारंवारता तीच ठेवूनही हा वापर सुमारे ४४ टक्क्यांनी घटतो. लॅपटॉपसाठीचे प्रोसेसर लहान डेस्कटॉपमध्ये वापरतात ते यामुळेच. २००१ साली व्हिया कंपनीने १७० मिमी बाजूचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड आणला; २००८ मध्ये इंटेलचा ॲटम आणि २०१२ मध्ये रास्पबेरी पाय आला.

जुळणी

जुळणीत सर्वाधिक दुर्लक्षित भाग म्हणजे एसएमपीएस. ३० वॅटच्या संगणकाला ४५० वॅटचा एसएमपीएस लावल्यास तो क्षमतेच्या जेमतेम सात टक्के भारावर चालतो व त्याची कार्यक्षमता घसरते. '८० प्लस' हे प्रमाणपत्रही मुख्यतः २०, ५० व १०० टक्के भारावरील मापनावर दिले जाते. अशा वेळी लॅपटॉपसारखा बाहेरचा अ‍ॅडॉप्टर अधिक योग्य. फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड टाळावे.

वापराचे गणित

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील, सुरत–धुळे महामार्गावरील विसरवाडीसारख्या गावातील सेवा केंद्राचे उदाहरण घेता येईल. भारनियमनात संगणक बंद पडला, तर दाखल्यासाठी पाड्यावरून आलेल्या माणसाचा दिवस आणि गाडीभाडे दोन्ही वाया जातात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास बॅटरीत १,८०० वॅट-तास ऊर्जा साठते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच उतरवणे हितावह, म्हणजे ९०० उरले. इन्व्हर्टरमध्ये वीस टक्के गेले तर हाती ७२०. मॉनिटरसह १२० वॅट घेणारा जुना संगणक त्यावर सहा तास चालतो. १६ वॅटचा लहान संगणक आणि २० वॅटचा एलईडी मॉनिटर मिळून वीस तास चालतात. येथे संगणकापेक्षा पडदाच अधिक वीज खातो. प्रकाशमान थोडे उतरवणे ही फुकटची बचत आहे. प्रिंटरचा भार मात्र वेगळा धरावा. लेझर प्रिंटर छपाईच्या क्षणी कित्येक शे वॅट ओढतो.

मर्यादा

पंखा नसलेल्या संगणकात धूळ कमी शिरते. परंतु खानदेशातील चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात त्याची उष्णता सहज बाहेर पडत नाही व प्रोसेसर आपोआप मंदावतो. चित्रफीत संपादन किंवा त्रिमितीय आरेखनासाठी हे संगणक अपुरे पडतात. चालू स्थितीतील जुना संगणक केवळ बिल वाचवण्यासाठी टाकून देणेही बहुधा परवडत नाही: रोज दहा तासांच्या वापरात वरील दोन संगणकांतील फरक ०.८४ युनिट एवढाच आहे.

महाराष्ट्रातील पूर्वप्रयोग

रायगड जिल्ह्यातील खैरात येथील शाळेत २००७ मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाचे एक्सओ संगणक देण्यात आले. ते डेस्कटॉप नसले तरी अल्पऊर्जा रचनेचे ठळक उदाहरण होते: त्यांच्यात प्रोसेसर झोपवूनही पडद्यावरील मजकूर तसाच ठेवण्याची सोय होती आणि पडदा भर उन्हातही वाचता येत असे.