जे ओठी गाईले, ते अंतरी रुजले



गतवर्षी प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास सिद्ध झालेल्या मुलांची मी तोंडी परीक्षा घेत होतो. एका चुणचुणीत मुलीस विचारले, "बाळ, वेदीपाशी धर्मगुरू तुला काय देणार?" ती तत्काळ उत्तरली, "येशूच्या आठवणीची भाकर, फादर." "हे तुला कुणी शिकविले?" "आपण मिस्सात गातो ना, त्या गाण्यात आहे."

धर्मभगिनींनी तिला वर्षभर शिकविले होते की, ती भाकर नव्हे, भाकरीच्या रूपात प्रत्यक्ष प्रभू येशू होय. तिच्या वहीत तसे लिहिलेलेही होते. पण वही मिटली आणि गाणे उरले. ह्यात दोष मुलीचा नव्हता, धर्मभगिनींचाही नव्हता. चाल गोड म्हणून ते गीत मीच निवडले होते. त्याचे शब्द मी नीट वाचलेच नव्हते.

त्या गीतात असत्य असे काही नव्हते. "माझ्या स्मरणार्थ हे करा" असे प्रभूनेच सांगितले आहे. परंतु त्याआधी "हे माझे शरीर आहे" असेही तो म्हणाला. गीत स्मरणापाशीच थांबले, आणि बालमनाची श्रद्धाही तेथेच थांबली. अर्धे सत्य गोड सुरात गाईले की तेच पूर्ण सत्य वाटू लागते.

ख्रिस्तसभा जशी प्रार्थना करते तशीच ती श्रद्धा ठेवते, हा पाचव्या शतकापासून चालत आलेला सिद्धान्त आहे. गीताचे हे सामर्थ्य पाखंड्यांनीही ओळखले होते. प्रभू येशू हा पित्यासमान देव नव्हे असे शिकविणाऱ्या आरियसाने नावाडी, दळणारे व वाटसरू ह्यांच्यासाठी गीते रचली, असे एका प्राचीन इतिहासकाराने नमूद केले आहे. 325 साली निसियाच्या धर्मपरिषदेने त्याचे मत त्याज्य ठरविले. तथापि ते मत नाहीसे झाले नाही. 386 साली मिलान नगरीत सम्राज्ञी जस्टिना हिने आरियसपंथीयांसाठी एक मंदिर मागितले, तेव्हा महागुरू संत अंब्रोज ह्यांच्यासह भाविकांनी मंदिरात रात्रंदिवस पहारा दिला. त्या प्रसंगी लोक दुःखाने खचू नयेत म्हणून तेथे सामुदायिक गायन सुरू झाले, असे संत ऑगस्टिन आपल्या आत्मनिवेदनात सांगतात. त्यांची माता संत मोनिका त्या पहाऱ्यात होती. अंब्रोज गीतांनी लोकांना भुलवितो, असा विरोधकांचा आरोप होता. संतांनी तो नाकारला नाही. पवित्र त्रैक्याची कबुली सर्व लोक रोज मुखाने देतात, ह्याहून प्रभावी ते काय, असे त्यांनी विचारले. जे जेमतेम शिष्य होते ते आता गुरू झाले आहेत, असे ते म्हणाले.

1264 साली पोप चौथे अर्बन ह्यांनी ख्रिस्तशरीराचा सण सर्व ख्रिस्तसभेस लागू केला. त्या सणाच्या उपासनेतील संत थॉमस अक्विनास ह्यांचे लॅटिन स्तोत्र पाहा. जेथे इंद्रिये थिटी पडतात तेथे श्रद्धा पुरी पडते, हा त्याचा आशय. त्याची शेवटची दोन कडवी साक्रामेंताच्या आशीर्वादप्रसंगी पिढ्यान्‌पिढ्या गाईली गेली. लॅटिन न जाणणाऱ्या आपल्या आजीआजोबांनीही ती गुडघे टेकून गाईली.

आपल्या मायबोलीची परंपराही थोर आहे. 1579 साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी सुमारे 11,000 ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते 1616 साली राचोल येथे छापले गेले. सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाची सारी कथा त्यांनी ओवीत बसविली, कारण ओवी ऐकणाऱ्याच्या कंठात राहते, हे त्यांनी जाणले होते.

1963 साली व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या घटनापत्रात सांगितले की, गीतांचे शब्द कॅथलिक शिकवणुकीशी सुसंगत असावेत व ते मुख्यतः पवित्र शास्त्र आणि उपासनाग्रंथ ह्यांतून घ्यावेत. अमेरिकेतील महागुरूंच्या धर्मतत्त्व समितीने 2020 साली गीतांच्या परीक्षणासाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यातही ख्रिस्तशरीराविषयीच्या उणिवांचा प्रामुख्याने विचार आहे.

म्हणून गायकवृंदांना माझी नम्र विनंती आहे. पेटीवर चाल बसविण्यापूर्वी गीत एकदा मोठ्याने, चालीवाचून वाचा. मग तीन प्रश्न विचारा. हे गीत देवाला उद्देशून आहे, की केवळ आपल्या भावनांना? देवाने आपल्यासाठी काय केले हे त्यात सांगितले आहे काय? आणि ते गाणारा एकटा 'मी' आहे, की एका वेदीभोवती जमलेले 'आम्ही'? 'मी'ला बंदी नाही. स्तोत्रसंहितेतही तो विलाप करतो, आनंदतो. पण तेथे त्याची दृष्टी अखेर देवाकडे वळते.

त्या मुलीवर मी रागावलो नाही. ते गीत बाजूला ठेवून दुसरे घेतले आणि पुढील काही रविवार मुलांबरोबर स्वतः गाईले. सणाच्या आदल्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारला. ती क्षणभर थांबली. बहुधा मनात गाणे म्हणत असावी. मग हळूच म्हणाली, "येशू, फादर."