अपराजित निवृत्ती : जिंकण्याइतकेच थांबणे अवघड
लेखमाला – प्रश्नमंजूषा आणि गणित : लेखांक ६

प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमातून एकदाही न हरता निवृत्त होणे दोन गोष्टींवर अवलंबून असते : खेळाडूचे ज्ञान आणि खेळ थांबण्याचा नियम. ही थांबण्याची सोय तीन प्रकारची असते. काही खेळांत ठरावीक विजयांनंतर विजेत्याला निरोप दिला जातो. काहींत शेवटचा प्रश्न सुटला की खेळच संपतो. काहींत मध्येच खेळ सोडण्याचा हक्क असतो.

विजयांची मर्यादा

अमेरिकेतील ‘जेपर्डी’त १९८४ पासून २००३ पर्यंत पहिला प्रकार होता. विजेत्यासमोर दर डावाला दोन नवे प्रतिस्पर्धी येत आणि सलग पाच विजय मिळवणारा अपराजित निवृत्त होई. तिघेही तुल्यबळ असतील, तर सलग पाच विजयांची शक्यता २४३ मध्ये १ एवढीच उरते. प्रत्येक डाव जिंकण्याची शक्यता ८० टक्के असलेला तरबेज खेळाडूही पाच विजयांपर्यंत शंभरात ३३ वेळाच पोचेल, कारण दर डावाला शक्यतेचा शक्यतेशी गुणाकार होत जातो. ब्रिटनमधील ‘काउंटडाउन’मध्ये ही मर्यादा आठ विजयांची आहे. तिथे त्याच हिशेबाने हा आकडा १७ वर येतो.

२००३ मध्ये ‘जेपर्डी’ने मर्यादा उठवली. पुढच्याच वर्षी केन जेनिंग्ज सलग ७४ डाव जिंकला, २५ लाख डॉलरहून अधिक कमाई केली आणि ७५व्या डावात हरला. जेम्स होल्झहाउअर २०१९ मध्ये ३२ विजयांनंतर हरला. मर्यादा नसलेल्या खेळात विजेता कितीही मोठा असला, तरी बहुधा त्याला पराभवानेच बाहेर पडावे लागते.

अखेरचा प्रश्न

दुसऱ्या प्रकाराचे मराठी उदाहरण म्हणजे मुंबईचे हर्षवर्धन नवाथे. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’चे सर्व १५ प्रश्न सोडवून ते पहिले करोडपती झाले. तेव्हा सर्वोच्च बक्षीस १ कोटी रुपयांचेच होते. पुढे प्रश्नच नसल्यामुळे थांबायचे की खेळायचे, हा पेच त्यांच्यापुढे आला नाही.

सोडण्याचा हक्क

हा पेच अमरावती जिल्ह्यातल्या एका खेळाडूपुढे आला. अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवत आणि त्यासाठी त्यांना महिना १५०० रुपये मिळत. सप्टेंबर २०१९ मध्ये, कार्यक्रमाच्या अकराव्या पर्वात, त्यांनी १५ प्रश्न सोडवून १ कोटी रुपये मिळवले. सोळावा प्रश्न ७ कोटींचा होता : पुढे राष्ट्रपती झालेले सर्वाधिक राज्यपाल कोणत्या राज्याचे? उत्तर बिहार होते. ताडे यांनी उत्तर न देता खेळ सोडला आणि १ कोटी रुपये त्यांच्याकडे राहिले.

या निर्णयाचा हिशेब मांडून पाहता येतो. उत्तर चुकले असते, तर रक्कम दहाव्या प्रश्नाच्या हमीवर, म्हणजे ३ लाख २० हजारांवर आली असती. बरोबर आले असते, तर ६ कोटी वाढले असते. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तरी सरासरी प्राप्ती सुमारे १ कोटी ७७ लाख येते. नुसत्या सरासरीने पाहिले, तर उत्तराची खात्री १४ टक्के असली तरी खेळणे फायद्याचे ठरते.

मात्र सरासरीला अर्थ येतो तो तोच डाव पुन्हा पुन्हा खेळता आला तरच. इथे संधी एकच असते आणि अंदाज चारपैकी तीनदा चुकतो. शिवाय जाऊ शकणारे ९६ लाख ८० हजार म्हणजे महिना १५०० रुपयांच्या हिशेबाने ५३७ वर्षांहून अधिक काळाची कमाई. एवढी रक्कम पणाला लावायची तर उत्तराची जवळजवळ पूर्ण खात्री हवी. ती नसताना थांबणे, हा पूर्ण विचाराचा निर्णय ठरतो.

म्हणून तिन्ही प्रकारांत कस वेगळा लागतो. मर्यादेच्या खेळात सातत्य हवे, अखेरच्या प्रश्नाच्या खेळात ज्ञानाचा पल्ला हवा. सोडण्याचा हक्क असलेल्या खेळात त्याखेरीज आपल्याला नेमके काय ठाऊक नाही, याचीही पक्की जाण लागते. हजारो प्रेक्षकांसमोर, मोठ्या बक्षिसाच्या एका पायरीवर असताना ती जाण शाबूत ठेवणे हीच अपराजित निवृत्तीतली सर्वांत कठीण गोष्ट आहे.