टाचेवरचं डेझीचं फूल

लंडनमध्ये पाऊस पडून गेला की हे बूट घालून चालणाऱ्या मुलीच्या मागे ओल्या फुटपाथवर फुलांची रांग उमटायची. टाचेच्या तळाशी पाच पाकळ्यांचं डेझीचं फूल साच्यातच घडवलेलं होतं. मेरी क्वांट या ब्रिटिश डिझायनरने १९६७ साली ‘क्वांट अफूट’ या नावाने आणलेल्या पादत्राणांपैकी हे घोट्यापर्यंतचे बूट. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या फॅशनसंग्रहात आहेत. जरीकाम केलेले रेशमी जोडे तिथे पुष्कळ आहेत, पण माझा जीव जडला आहे तो या कारखान्यातल्या प्लॅस्टिकच्या बुटांवर.

क्वांटबाईंची ओळख थोडक्यात उरकते. जन्म १९३०चा, आईवडील शिक्षक, शिक्षण गोल्डस्मिथ्स कॉलेजात. १९५५ साली चेल्सीतल्या किंग्ज रोडवर ‘बझार’ हे दुकान काढलं. मिनीस्कर्ट घराघरांत पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा. २०२३ साली, वयाच्या ९३व्या वर्षी त्या गेल्या.

मला त्यांच्यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं, तर प्लॅस्टिकचा ध्यास. १९६३ साली त्यांनी पीव्हीसीचे चकचकीत कपडे आणले, तेव्हा ते शिवायचे कसे हेच कोणाला नीट ठाऊक नव्हतं. शिलाई मशीनचा पाय प्लॅस्टिकला चिकटायचा, आणि सुईने टाके घातले की तिथूनच ते फाटायचं. हा प्रश्न सुटून कपडे दुकानांत नीट पोचायला बराच काळ गेला. बुटांच्या वेळी मात्र शिवणीची कटकटच उरली नाही. चामड्याचा बूट म्हणजे फर्म्यावर ताणलेलं कातडं, खिळे, टाके. इथे वितळवलेलं प्लॅस्टिक दाबाने धातूच्या साच्यात सोडायचं, थंड होऊ द्यायचं आणि ओतीव बूट बाहेर काढायचा. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडची जी. बी. ब्रिटन ही कंपनी ते बनवत असे. कामगारांसाठी दणकट बूट करणारी ही कंपनी. तिच्या यंत्रातून फॅशनच्या मुलींचे बूट निघावेत, यातच साठच्या दशकाचं सगळं सार आलं असं मला वाटतं.

बुटाचं बाहेरचं प्लॅस्टिक पारदर्शक आणि आत सुती जर्सीचं भडक रंगाचं अस्तर. म्हणजे रंग कापडाचा आणि चकाकी प्लॅस्टिकची. एप्रिल २०१९ ते फेब्रुवारी २०२० या काळात म्युझियमने क्वांटवर मोठं प्रदर्शन भरवलं होतं. लेकीकडे गेले होते, म्हणून तिलाही ओढत नेलं. ती मिनीस्कर्टांच्या दालनात रमली आणि मी बुटांच्या काचेपाशी अडकले. वरच्या थराखाली अस्तराची वीण दिसते का, हे वाकून वाकून पाहत होते. शेवटी लेक म्हणाली, “आई, अगं बुटांशीच बोलतेस का आता?” तिला म्हटलं, “बोलण्यासारखंच आहे यांच्यात.”

या म्युझियमचं नाव निघालं की एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी जे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, ते १८७२ साली लोकांसाठी खुलं झालं ते ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ या नावाने. लंडनच्या म्युझियमला हे नाव मिळालं १८९९ साली. म्हणजे नावाचा मान आधी मुंबईचा! १९७५ साली आपण ते बदलून भाऊ दाजींचं नाव दिलं, हे फार योग्य झालं.

तर पुन्हा बुटांकडे. प्लॅस्टिक कुजत नाही, ते टिकतंच, असा आपला समज. पण पावसाळी चपला माळ्यावर टाकून काही वर्षांनी काढा, त्या चिकट किंवा कडक झालेल्या असतात. मूळचं पीव्हीसी नळाच्या पाइपासारखं ताठ असतं. ते मऊ व्हावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घालतात, आणि हे द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येतं. मग वस्तू चिकट होते, धूळ धरते, पुढे आक्रसते, पिवळी पडते, तडकते. प्लॅस्टिक विघटू लागलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइडही सुटतं. म्हणून अशा वस्तू थंडाव्यात आणि अंधारात ठेवतात, आणि चिकटणार नाही असाच कागद किंवा फिल्म त्यांच्याशी लावतात. सेल्युलॉइडसारख्या जुन्या प्लॅस्टिकला हवा खेळती लागते, पण मऊ पीव्हीसी बंदिस्त ठेवलेलं बरं, म्हणजे प्लॅस्टिसायझर कमी उडतं. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात इव्हॉन शाशुआ यांनी केलेल्या संशोधनाने हे दाखवून दिलं. हे सारे उपाय झीज मंदावतात, थांबवत नाहीत. त्या काळातले चामड्याचे बूट नीट जपले तर आणखी शतकभर राहतील. भविष्याची वस्तू म्हणून मिरवलेले हे बूट मात्र आधी जातील.

मग जपायचे कशाला? माझं मत स्पष्ट आहे. राजाराण्यांचे जोडे आपोआप जपले जातात, कारण ते महाग असतात. कामावर जाणाऱ्या मुलीने हौसेने घेतलेले बूट फाटले की कचऱ्यात जातात, आणि त्यांच्याबरोबर तिच्या आयुष्याचा पुरावाही जातो. म्हणूनच २०१८ साली म्युझियमने लोकांनाच साद घातली होती: कपाटात क्वांटचे कपडे असतील तर कळवा. शेकडो बायकांनी उत्तरं पाठवली. कोणी पहिल्या मुलाखतीला कोणता ड्रेस घातला होता ते सांगितलं, कोणी फोटो धाडले. त्यांतले निवडक कपडे त्यांच्या मालकिणींच्या आठवणींसह प्रदर्शनात मांडले गेले.

आपल्याकडेही हे व्हायला हवं. आईने पहिल्या पगारातून घेतलेली नायलॉनची साडी, रेक्झिनची पर्स, शाळेचे पावसाळी बूट या साऱ्यांतही आपल्या विसाव्या शतकाचा इतिहास आहे. या दिवाळीत माळा आवरताना असं काही हाती लागलं तर लगेच टाकू नका. कोणाचं, कधी घेतलं, कुठे वापरलं, हे एका चिठ्ठीवर लिहून वस्तूसोबत ठेवा. प्लॅस्टिक किती टिकेल ते आपल्या हातात नाही. ती चिठ्ठी लिहिणं आहे.