मुलींच्या गोल्फ शिष्यवृत्त्या पडून नसतात

"अमेरिकेत मुलींच्या गोल्फच्या शेकडो शिष्यवृत्त्या दरवर्षी कुणी घेतच नाही, वाया जातात." पुण्यातल्या गोल्फ क्लबात, न्यू जर्सीतल्या मराठी घरात, सल्लागारांच्या माहितीपत्रकात हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की आता संताप होतो. ते नुसतं चुकीचं असतं तर सोडून दिलं असतं. पण त्याच्या भरवशावर पालक मुलीचं कॉलेज ठरवतात, आणि अभ्यास थोडा मागे पडला तरी खेळ आहेच, असं मानून मोकळे होतात.

या समजाला थोडा आधार आहे, तोही सांगायला हवा. 1972च्या टायटल नाइन कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी आली. मुलांच्या फुटबॉलच्या भल्यामोठ्या संघाला तोल म्हणून कॉलेजांनी मुलींचे संघ वाढवले. एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या डिव्हिजन वन या सर्वात वरच्या गटात 2024-25पर्यंत मुलांच्या गोल्फ संघाला कमाल 4.5 शिष्यवृत्त्या देता येत, मुलींच्या संघाला 6. डिव्हिजन टूमध्ये मुलींसाठी हा आकडा 5.4 आहे.

पण ही कमाल मर्यादा होती. तेवढा पैसा प्रत्येक कॉलेजने बाजूला काढलेला होता, असं नाही. कार्यालयाच्या हॉलमध्ये हजार माणसं मावतात म्हणून हजार पानांचा स्वयंपाक होत नाही. बऱ्याच कॉलेजांकडे सहापैकी दोन-तीन शिष्यवृत्त्यांपुरतीच तरतूद असायची. कागदावर उरलेल्या जागांना "कुणी न घेतलेल्या" म्हणणं ही शुद्ध दिशाभूल आहे. तो पैसा कधी नव्हताच.

शिवाय 5.4 हा आकडाच बघा. शिष्यवृत्तीचे तुकडे करता येतात, म्हणूनच तो दशांशात आहे. समजा, कोचकडे तीन शिष्यवृत्त्यांचे पैसे आहेत आणि संघात आठ मुली. एकीला 60 टक्के, दुसरीला 40, तिसरीला फक्त पुस्तकांचा खर्च, असं वाटप होतं. "फुल स्कॉलरशिप" ही गोल्फमध्ये मोजक्या मुलींच्या वाट्याला येते. ती बहुतेकदा एकेका वर्षाची असते. पुढच्या वर्षीचं काय, हे लेखी विचारून घ्यावं.

जून 2025मध्ये कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या हाउस खटल्यातली तडजोड न्यायालयाने मंजूर केली आणि नियम बदलले. तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांना आता शिष्यवृत्त्यांची मर्यादा नाही, पण संघात जास्तीत जास्त 9 खेळाडू ठेवता येतात. नऊच्या नऊ जणींना पूर्ण शिष्यवृत्ती देण्याची मुभा आहे, सक्ती नाही. त्यातच कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले आहेत आणि त्यातला मोठा वाटा फुटबॉल-बास्केटबॉलकडे जातो. त्यामुळे "आता तर सगळ्यांनाच मिळणार" ही नवी आवृत्तीही तितकीच फसवी आहे.

दुसरा गैरसमज अभ्यासाचा: "आठवड्याला वीसच तास खेळ असतो, बाकी वेळ मोकळा." वीस तासांचा नियम खरा आहे. पण तो तास कसे मोजतो, ते पाहा. स्पर्धेचा अख्खा दिवस त्यात तीन तास धरला जातो आणि प्रवास धरतच नाहीत. कॉलेज गोल्फची स्पर्धा साधारण 54 होलची. रविवारी सरावाचा राउंड, सोमवारी एका दिवसात 36 होल, मंगळवारी उरलेले 18, असा तिचा सर्रास दिसणारा क्रम. सोमवारी मुलगी पाठीवर बॅग घेऊन किंवा ट्रॉली ढकलत दहाएक तास चालते. नियमाच्या वहीत ते तीन तास! रात्री हॉटेलच्या खोलीत पाय वर करून लॅपटॉप उघडते, कारण मध्यरात्रीच्या आत असाइनमेंट पाठवायची असते. सोमवारचं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल बुडालेलंच असतं.

म्हणून कॉलेज निवडताना हिरव्यागार कोर्सचे फोटो बाजूला ठेवा आणि संघातल्या मुली काय शिकतात ते पाहा. संघाच्या पानावर प्रत्येकीचा विषय बहुधा दिलेला असतो. तुमच्या मुलीला इंजिनिअरिंग करायचं आहे आणि संघात तो विषय कुणाचाच नाही, तर कारण कोचला विचारा. बुडालेलं प्रॅक्टिकल कधी भरून देतात, हेही विचारा. डिव्हिजन वनच्या नियमानुसार दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा 40 टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर 60 टक्के अभ्यासक्रम पूर्ण लागतो, त्यामुळे मध्येच विषय बदलणं जड जातं.

"डिव्हिजन वन नाही तर काहीच नाही" हेही चूकच. स्पर्धेला पाचजणी जातात आणि चौघींचे गुण धरले जातात. संघातल्या पाचव्या मुलीची सरासरी पाहून आपली मुलगी कुठे बसते ते ठरवा. नऊजणींत शेवटची होऊन चार वर्षं घरी बसण्यापेक्षा डिव्हिजन थ्रीमध्ये दर स्पर्धेला खेळणं मला शतपटीने बरं वाटतं. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, पण गरजेनुसार आणि गुणवत्तेवर मदत मिळू शकते. हार्वर्ड, येलचं आयव्ही लीगही खेळासाठी पैसे देत नाही, आणि तिथले संघ डिव्हिजन वनचेच आहेत.

"हँडिकॅप चांगला की झालं." कोच पाहतात ते अनेक दिवसांच्या स्पर्धांतले फटके, आणि तेही कोर्सची लांबी लक्षात घेऊन.

"नववीचे मार्क कोण बघतं?" एनसीएए बघते. नववीपासूनच्या मार्कशीट द्याव्या लागतात. डिव्हिजन वनसाठी 16 मुख्य विषय आणि त्यांत किमान 2.3 ग्रेड पॉइंट हवेत.

"शिष्यवृत्ती मिळाली तरच टक्केवारी घेऊ" म्हणणारा सल्लागार प्रामाणिक वाटतो, पण शिष्यवृत्तीवर ठरणारी फी नियमात बसत नाही आणि त्यात मुलीची पात्रता धोक्यात येते. ठरावीक फी चालते.

"चांगली खेळली तर कोच स्वतःच शोधत येतील." भारतातल्या स्पर्धेला ते सहसा येत नाहीत. डिव्हिजन वनचे कोच दहावीनंतरच्या 15 जूनपासून मुलीशी भरतीबद्दल बोलू शकतात, पण मेल तिने आधीही पाठवावा: स्पर्धांची नावं, प्रत्येक राउंडचे फटके, कोर्सचे यार्ड, स्विंगचा छोटा व्हिडिओ, मार्कशीट. आणि तो मुलीने स्वतः लिहावा, बाबांनी नाही. कोचला चार वर्षं तिच्याशीच बोलायचं असतं.