काचेतला चिखल

२०११च्या जुलैत आमच्या घरातल्या टाकीतले अकरा मासे दोन रात्रींत मेले. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद. मासे साधे गप्पी, धाकट्या मुलीने वाढदिवसाला मागून घेतलेले. सकाळी ती टाकीपुढे उभी राहून मासे मोजत होती आणि मी तिच्या मागे उभा राहून मनातल्या मनात दुकानदाराला दोष देत होतो. मासे आजारीच दिले असणार! काही आठवड्यांनी टाकी रिकामी करताना तळाची माती उपसली, तेव्हा सडक्या अंड्यांचा वास घरभर पसरला. त्या वासाने मला सांगितले की मासे दुकानदाराने मारले नव्हते, मी मारले होते.

पाण्यात झाडे वाढवायची तर माती कसदार हवी, हे शेतकऱ्याच्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या शेतातली काळी माती निम्मी आणि शेणखत निम्मे, असा चार इंचांचा थर मी टाकीत दिला होता. त्यावर बोटभर वाळू, वर बोअरचे पाणी आणि त्याच संध्याकाळी मासे. हेच मिश्रण कुंडीत घातले असते तर गुलाब फुलला असता.

मी रसायनशास्त्र शिकलेलो नाही. पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली. पण या अकरा माशांचा हिशेब लागेना, म्हणून मी वाचू लागलो आणि गॅलरीत काचेच्या बरण्या मांडून निरनिराळी माती पाण्याखाली ठेवून पाहू लागलो. हा लेख त्या हिशेबाचा आहे. पाणवनस्पतींसाठी माती निवडताना ‘तिच्यात किती कस आहे’ हा प्रश्न दुसरा; ‘पाण्याखाली गेल्यावर ती काय करते’ हा पहिला. मी हा क्रम उलटा लावला होता.

पहिल्या टाकीतला गाळ

घरातल्या मत्स्यटाकीचा इतिहास सांगताना लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांचे नाव घेतले जाते. १८५० साली त्यांनी तिथल्या केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला. बारा गॅलन, म्हणजे सुमारे ५४ लिटर मावेल असे काचेचे भांडे, त्यात निम्म्यापर्यंत झऱ्याचे पाणी, दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरियाचे एक रोप. फितीसारख्या लांब पानांची ही वनस्पती आपल्याकडच्या नद्या-तळ्यांतही सापडते. माणसे हा प्रयोग झाडाने दिलेल्या प्राणवायूसाठी लक्षात ठेवतात. पण वॉरिंग्टन यांनी तळाशी वाळू आणि गाळ घातला होता आणि रोपाची मुळे त्या गाळात खोवून वर दगड ठेवला होता. पुढे जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले. ती कुजकी पाने खायला त्यांनी गोगलगायी सोडल्या, तेव्हा कुठे घडी बसली. म्हणजे पहिल्याच टाकीत दोन्ही गोष्टी होत्या : मातीचा आधार आणि कुजण्याचे संकट.

माती झाडाला नेमके देते तरी किती? बेल्जियमच्या व्हॅन हेल्माँट यांनी २०० पौंड कोरड्या मातीत पाच पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. माती घटली ती दोनेक औंस. हे वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ साली प्रसिद्ध झाले. झाड पाण्याचे बनले, असा त्यांनी निष्कर्ष काढला. हवेतल्या कार्बनचा त्यांना पत्ता नव्हता. पण त्या दोन औंसांतच नत्र, स्फुरद आणि लोह येतात. ते नसतील तर उरलेले १६४ पौंडही नसतात.

पाणवनस्पती सगळ्या अंगाने पाणी पितात, मग त्यांना माती कशाला, अशी शंका बरेच जण घेतात. कॅनडातील कॅरिन्यान आणि कॅल्फ या संशोधकांनी १९८० साली तळ्यातल्या मुळे धरणाऱ्या वनस्पतींवर काम करून दाखवले की त्या आपले स्फुरद मुख्यतः तळाच्या गाळातून घेतात. पोटॅशियम, कॅल्शियम पाण्यातून मिळते. स्फुरद आणि लोह गाळातून. शिवाय गाळ आणखी एक गोष्ट देतो, जी खताच्या पिशवीवर लिहिलेली नसते. पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे पाण्यातले झाड बहुधा कार्बनचे उपाशी असते. कुजणारा गाळ तोच वायू मुळापाशी सोडत राहतो. हेल्माँट यांच्या विलोला जे हवेतून मिळाले, ते टाकीतल्या झाडाला थोडेफार चिखलातून मिळते.

खाचरातला धडा

माती पाण्याखाली गेली की काय होते, हे मी पुस्तकाआधी संगमेश्वराकडच्या मामीकडून ऐकले होते, पण ऐकून सोडून दिले होते. भाताच्या खाचरात गिरिपुष्पाचा पाला गाडून चिखलणी झाली होती. आवण तयार होते, मी लावणीची घाई करत होतो. मामी म्हणाली, “पाला कुजू दे आधी. आत्ता लावलंस तर रोप पिवळं पडेल. ताजा चिखल रोपालाच खातो.”

मामीच्या या वाक्यामागचे रसायन श्रीलंकेचे मृदाशास्त्रज्ञ एफ. एन. पोन्नमपेरुमा यांनी फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत उलगडले. पाण्याखालील मातीवरचा त्यांचा मोठा निबंध १९७२चा आहे. माती बुडाली की तिच्यातला प्राणवायू जिवाणू एखाद्या दिवसात संपवतात. श्वासासाठी मग ते नायट्रेट वापरतात, ते संपले की मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. सगळ्यात शेवटी मिथेनचे बुडबुडे येऊ लागतात. ही उतरंड आहे. एकेक पायरी माती खाली जाते. तांबूस माती राखाडी होते, ती लोहाच्या पायरीची खूण. सडक्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे माती सल्फेटपर्यंत उतरली. मातीत ताजे सेंद्रिय द्रव्य जितके जास्त, तितकी ही उतरण वेगाने. माझ्या टाकीत निम्मे शेणखत होते.

वास मला नंतर आला. मासे मात्र त्याआधीच, बहुधा अमोनियाने मेले. शेणखत कुजताना अमोनिया सुटतो. प्राणवायू असेल तर जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, पण नव्या टाकीत ते जिवाणू अजून जमलेले नसतात. त्यात माझे बोअरचे पाणी. सामू, म्हणजे प्रयोगशाळेतला पीएच, सात असताना पंचवीस अंश तापमानाला एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. सामू आठ झाला की पाच टक्क्यांवर जातो. बेसॉल्टमधले पाणी अल्कधर्मी. तेच खत मऊ पाण्यात कदाचित निभले असते. इथे ते सुमारे दहापट विषारी झाले.

काळी की तांबडी

आता मातीकडे येऊ. मातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि त्यावर अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम धरून ठेवले जातात. झाड लागेल तसे ते सोडवून घेते. ही धरून ठेवण्याची ताकद मृदाशास्त्रात धनायन-विनिमय क्षमता म्हणून मोजतात. काळ्या मातीतले मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज शंभर ग्रॅमला ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट धरते. तांबड्या मातीतले केओलिनाइट ३ ते १५. वाळूची क्षमता जवळपास शून्य. पतसंस्थेच्या भाषेत सांगायचे तर वाळू म्हणजे खातेच नाही, तांबडी म्हणजे छोटे बचत खाते आणि काळी म्हणजे मोठी तिजोरी.

मग काळीच घ्यावी? माझ्या बरणीत काळी माती फुगली आणि तिचे अतिसूक्ष्म कण आठवड्यानंतरही पाण्यात तरंगतच राहिले. थोडी माती बशीत घेऊन व्हिनेगर टाकले तर फसफसली, कारण तिच्यात चुनखडी होती. अशी माती पाणी जड करते आणि सामू चढवते. काही झाडांना ते चालते, व्हॅलिसनेरियाला तर मानवते. पण मऊ पाण्यातल्या अनेक झाडांना नाही.

तांबड्या मातीची गोष्ट वेगळी. फ्रान्सिस बुकॅनन यांनी मलबारात अंगाडीपुरमला विटांसारखा कापला जाणारा दगड पाहिला आणि १८०७ साली त्याला ‘लॅटराइट’ नाव दिले. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. तोच आपला जांभा. १९८०च्या दशकात जर्मनीतल्या हौशी मंडळींनी टाकीच्या तळाशी लॅटराइट घालण्याची पद्धत रूढ केली आणि त्याचे डबे विकले जाऊ लागले. कोकणात ज्याने घराच्या भिंती उभ्या राहतात, तो दगड युरोपात भुकटी करून माशांच्या दुकानात गेला.

त्यामागे कारण होते. कोरड्या शेतात लोह स्फुरदाला घट्ट धरून बसते, म्हणून तांबडी माती कमी कसाची वाटते. पाण्याखाली ते लोह विरघळते आणि धरलेले स्फुरद सुटते. वर, पाण्याला लागून असलेल्या पातळ थरात प्राणवायू असतो. तिथे लोह पुन्हा गंजते आणि वर येऊ पाहणारे स्फुरद पकडते. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी इंग्लंडमधल्या तळ्यांच्या गाळात हा व्यवहार पाहून १९४१-४२ साली मांडला. टाकीवाल्याला हवे ते नेमके हेच : अन्न मुळाशी राहावे, पाण्यात जाऊन शेवाळ पोसू नये.

दुसरे कारण जपानच्या भातशेतीत सापडते. तिथल्या लोह कमी असलेल्या जमिनींत भात सुरुवातीला जोमाने वाढे आणि शरदाच्या सुमारास खचे. या दुखण्याला ‘अकिओची’ म्हणतात. मुळे हायड्रोजन सल्फाइडने मरत. लोहयुक्त माती आणून पसरली की आजार हटे, कारण लोह त्या विषाला बांधून टाकते. पण नुसती तांबडी मातीही चालत नाही. आम्लधर्मी मातीतून लोह बेसुमार सुटले तर तेही मुळांना बाधते.

बाजारातली माती

तयार माती घ्यायची असेल तर जपानचे ताकाशी अमानो यांचे नाव प्रथम येते. त्यांनी १९८२ साली निगाता इथे कंपनी काढली आणि पुढे जपानी काळ्या मातीचे दाणे विकायला आणले. दाणे असल्याने पाणी गढूळ होत नाही, मुळांना जागा मिळते, सामू किंचित उतरतो. मात्र यातली बरीचशी माती पहिल्या काही आठवड्यांत अमोनिया सोडते, म्हणून तेव्हा वारंवार पाणी बदलावे लागते. आणि वर्षा-दोन वर्षांत दाणे मऊ पडतात. बोअरच्या जड पाण्यात ही माती लवकर थकते, कारण सामू उतरवण्याची तिची ताकद रोजच्या चुन्यात खर्च होते.

दुसरी वाट अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड यांची. त्यांचे पुस्तक १९९९चे. साधी माती इंचभर, वर वाळू किंवा खडी इंचभर, आणि पहिल्या दिवसापासून भरपूर झाडे. स्वस्त आणि टिकाऊ, पण माती निवडण्याची जबाबदारी आपली.

मी आज करतो ते असे. भाताच्या खाचरातली वरची माती घेतो, शक्यतो जिथे रासायनिक खत नुकतेच पडलेले नाही. व्हिनेगरने फसफसली तर नाकारतो. चाळून काड्या, मुळ्या काढतो. मग घमेल्यात पाण्यात दोन-तीन दिवस भिजवणे, पाणी ओतून टाकणे, उन्हात पूर्ण वाळवणे, असे चार वेळा. ताजे सेंद्रिय द्रव्य इथे, अंगणात कुजून जाते, मासे नसताना. चार भाग या मातीत एक भाग जांभ्याची भुकटी. शेणखत, गांडूळखत, युरिया काही नाही. ६० बाय ३० सेंटिमीटरच्या टाकीला अडीच सेंटिमीटरच्या थरासाठी साडेचार लिटर माती पुरते. वर तीन सेंटिमीटर जाड वाळू, एक ते तीन मिलिमीटर दाण्याची. वाळू फार बारीक असली तर खाली प्राणवायू पोचत नाही, फार जाड असली तर माती वर येते. झाडे पहिल्याच दिवशी दाट लावायची, कारण मुळेच चिखलात प्राणवायू सोडतात. मासे चार ते सहा आठवड्यांनी, तेही अमोनियाची चाचणी सलग शून्य आल्यावर.

झाडे मात्र रोपवाटिकेतली घ्यावीत. सड्यावरचा वायतुरा, ओढ्यातली क्रिप्टोकोरीन यांतल्या काही जाती फक्त सह्याद्रीत आहेत. आपल्या टाकीसाठी त्या उपटून आणण्याइतकी आपली हौस मोठी नाही.

सध्याच्या टाकीला सात वर्षे झाली. काचेला टेकलेल्या मुळांभोवती तांबूस रेघ दिसते. मुळातून सुटलेल्या प्राणवायूने तिथे लोह गंजलेले असते. आजूबाजूची माती राखाडी, मुळाच्या कडेला गंज. टाकीचा चिखल ठीक आहे की नाही हे मी आता त्या रेघेवरून पाहतो. मुलगी दिवाळीला घरी आली की आजही आधी टाकीपाशी जाते आणि मासे मोजते.