राज्य नव्हतं, तरी नाव होतं

२२ ऑगस्ट १९२० रोजी बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात ऑलिम्पिकची मॅरेथॉन धावली गेली. अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. हान्नेस कोलेह्माइनेन हा फिनलंडचा धावपटू पहिला आला. अवघ्या तेरा सेकंदांनी मागे राहिलेला युरी लॉसमन एस्टोनियाचा होता. एकोणिसावे आले बेळगावचे फडेप्पा चौगुले, वेळ दोन तास पन्नास मिनिटं पंचेचाळीस सेकंद. त्यांच्या नावापुढे देश लिहिला होता भारत.

या तीन नावांपाशी मी पुन्हा पुन्हा थबकतो. फिनलंड आणि एस्टोनिया तीनच वर्षांपूर्वीपर्यंत रशियाच्या झारच्या साम्राज्यात होते. दोघेही नुकतेच स्वतंत्र झाले होते. पण भारत? त्याला स्वातंत्र्य मिळायला अजून सत्तावीस वर्षं होती. तरी तो ब्रिटनच्या संघात सामावलेला नव्हता, वेगळा उतरला होता. हे घडलं कसं, याचं उत्तर शोधत गेलं की आपण पुण्यात येऊन पोचतो. आज ज्या भागाला आपण नुसतं ‘डेक्कन’ म्हणतो, त्याला नाव देणाऱ्या संस्थेत.

डेक्कन जिमखाना १९०६ साली स्थापन झाला. १९१९च्या सुमारास जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष होते. केंब्रिजला शिकताना त्यांनी इंग्लंडमधला संघटित खेळ जवळून पाहिला होता. पुण्यातल्या मैदानावर त्यांना जे दिसलं, ते त्यांनी १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना पत्रातून कळवलं. धावणारी मुलं बहुतेक शेतकऱ्यांची, शेतात राबणारी, साध्या अन्नावर वाढलेली. शास्त्रोक्त सराव त्यांना ठाऊक नव्हता. आयोजकांनाही युरोपातले नियम माहीत नव्हते. शंभर यार्डांची शर्यत त्यांनी वळणावर ठेवली होती, आणि धावपटूंच्या मध्ये पट्टे आखणाऱ्या दोऱ्याही नव्हत्या. पण त्याच मुलांनी खराब रस्त्यावरून, अनवाणी, दहा मैलांची शर्यत पूर्ण केली तेव्हा घड्याळाने दाखवलेली वेळ युरोपातल्या धावपटूंच्या बरीच जवळ होती. दोराबजींच्या मनात अँटवर्प आलं ते तिथे.

पुढचं पाऊल मला या गोष्टीतलं सर्वांत धाडसाचं वाटतं. अंतिम शर्यती पाहायला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड आले होते. दोराबजींनी त्यांच्याकडे शब्द टाकला: भारताला ऑलिम्पिकमध्ये प्रवेश मिळवून द्यायला मदत करा. अमृतसरच्या हत्याकांडाचं ते वर्ष होतं. देश पेटला होता, आणि एका गुलाम देशाचं नाव जगाच्या यादीत स्वतंत्रपणे घालण्यासाठी राज्यकर्त्यांचाच हात लागणार होता. तो लागला. ब्रिटिश ऑलिम्पिक समितीमार्फत सूत्रं हलली आणि १९२०च्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय समितीने भारताचा सहभाग मान्य केला. दोराबजी त्याच वर्षी त्या समितीचे सदस्य झाले.

मग धावपळ. निवड चाचण्या पुण्यातच झाल्या. वर्गणीचं आवाहन केलं, पण जमलेले पैसे पुरेनात. सरकारने काही मदत दिली, आणि दोराबजींनी स्वतःच्या खिशात हात घातला. चार धावपटू आणि दोन मल्ल निवडले गेले. चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी, बंगालचे पूर्मा बॅनर्जी, आणि कुस्तीसाठी कुमार नवले व रणधीर शिंदे. नावं वाचताना लक्षात येतं की देशाचा पहिला संघ बराचसा कृष्णाकाठ-भीमाकाठच्या आसपासचाच होता. सोबत व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत आणि डॉ. फैजी. १ ऑगस्टला मुंबईत लोकमान्य टिळक गेले तेव्हा हा चमू सातासमुद्रापार होता.

रणधीर शिंद्यांबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं. आपली कुस्ती तांबड्या मातीतली. तिथे गादी, आणि नियम ‘कॅच-ॲज-कॅच-कॅन’ या पद्धतीचे. तरीही फेदरवेट गटात शिंदे उपांत्य फेरीपर्यंत पोचले. तिथे हरले, मग ब्राँझपदकासाठीच्या लढतीत ब्रिटनच्या फिलिप बर्नार्डकडून हरले. चौथा क्रमांक. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझ घेऊन येतात आणि स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक ठरतं. त्याच्या बत्तीस वर्षं आधी शिंदे त्याच पदकापासून एका कुस्तीच्या अंतरावर होते.

पण ऑलिम्पिकवाल्यांनी मुळात हो का म्हटलं? याला दोन कारणं दिसतात. पहिलं, ऑलिम्पिकचे प्रवर्तक पिएर द कुबेर्तां यांची ठाम भूमिका की खेळाचा नकाशा आणि राजकारणाचा नकाशा एकच असायला हवा असं नाही. म्हणूनच १९१२ साली स्टॉकहोममध्ये ऑस्ट्रियाच्या ताब्यातला बोहेमिया वेगळा खेळला आणि झारच्या ताब्यातलं फिनलंडही. कोलेह्माइनेनने तिथे तीन सुवर्णपदकं जिंकली, आणि प्रत्येक वेळी काठीवर चढला तो रशियाचा झेंडा. तो पाहून जिंकण्यातला आनंदच गेला, असं त्याला वाटल्याचं सांगतात. अँटवर्पला तो आपल्या झेंड्यासाठी धावला. त्याच रस्त्यावर मागून येणाऱ्या चौगुल्यांच्या वाट्याला मात्र अजून ब्रिटिश राजवटीचंच निशाण होतं.

दुसरं कारण पहिल्या महायुद्धाचं. भारताने एवढे सैनिक दिले की व्हर्सायच्या तहावर भारताची वेगळी सही झाली, आणि १९२० साली स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाचा भारत मूळ सभासद ठरला, स्वराज्य नसताना. दाराला तेव्हा ही फट होती. पुण्यातल्या लोकांनी ती नेमकी हेरली.

देशाला अशी वेगळी जागा मिळवण्याची धडपड आजही चालू आहे, फक्त मैदान बदललंय. युरोपात दरवर्षी ‘युरोव्हिजन’ ही गाण्यांची स्पर्धा भरते. तिथे ब्रिटनचं एकच गाणं जातं, आणि स्कॉटलंड व वेल्समधले लोक बरीच वर्षं म्हणताहेत की आमचं गाणं वेगळं जाऊ द्या. गंमत अशी की त्या स्पर्धेत नाव नोंदवतं ते सरकार नव्हे, प्रसारण संस्था. ब्रिटनमध्ये ते काम बीबीसी करते, म्हणून गाणं एकच. पण वेल्श भाषेतल्या ‘एस-फोर-सी’ या वाहिनीने मुलांच्या युरोव्हिजनसाठी पुढाकार घेतला आणि २०१८ साली मिन्स्कमध्ये वेल्स स्वतःच्या नावाने गायलं. पहिल्याच वर्षी शेवटचा क्रमांक आला, तरी पुढच्या वर्षी ते पुन्हा गेले. म्हणजे तिथे वाहिनी हवी, इथे जिमखाना होता. राजदूत किंवा सेनापती दोन्हीकडे लागला नाही. अर्ज भरणारी, पैसे उभे करणारी, चाचण्या घेणारी चार माणसांची संस्था लागली.

दोराबजींनी पुढे १९२७ साली भारतीय ऑलिम्पिक संघटना उभी केली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले. दुसऱ्याच वर्षी ॲमस्टरडॅमला हॉकीचं सुवर्ण आलं. १९२० पासून आजपर्यंत एकही उन्हाळी ऑलिम्पिक भारताच्या सहभागाविना झालेलं नाही. ती फट मात्र आता बुजली आहे. १९९६ साली नियम बदलला, आणि त्यानंतर नव्याने येणारा देश जगाने मान्य केलेलं स्वतंत्र राज्य असावाच लागतो. आधी आत आलेल्या पोर्तो रिको किंवा हाँगकाँगची जागा कायम राहिली. स्कॉटलंड आणि वेल्स राष्ट्रकुल स्पर्धांत वेगळे खेळतात, ऑलिम्पिकमध्ये नाही. दोराबजींनी तीच मागणी आज केली असती, तर आंतरराष्ट्रीय समितीला नियमावर बोट ठेवून नकार द्यावा लागला असता.