दगडाची कुऱ्हाड आणि लाकडाची वाट

'अश्मयुग' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दगडच दगड येतात. पण घरची कुऱ्हाड आठवा. दांडा नसेल तर पाते काय कामाचे? नवाश्मयुगातला शेतकरीसुद्धा दगडी पाते घासून गुळगुळीत करी आणि लाकडी दांड्यात बसवी. पुढे दांडा कुजला, दगड तेवढा उरला. म्हणून आपण त्या काळाला दगडाचे नाव दिले, इतकेच.

मग लाकडाची हकीकत कळली कशी? इंग्लंडमधल्या सॉमरसेट भागात मोठी दलदल आहे. १९७० साली रे स्वीट नावाच्या कामगाराला तेथे चर साफ करताना एक जुनी फळी लागली. पुढे केंब्रिजचे जॉन कोल्स आणि त्यांचे सहकारी यांनी उत्खनन केले, तेव्हा मैलाहून लांब अशी लाकडी पायवाट उघडकीस आली. पाणथळ थरात हवा पोचत नाही, त्यामुळे कुजवणाऱ्या जंतूंचे तिथे फारसे चालत नाही. म्हणून ती टिकली.

ही वाट बांधली कशी, तेही पाहा. आधी जमिनीवर लांब ओंडके टाकले. त्यांच्या दोन्ही अंगांना तिरक्या मेखा ठोकल्या, त्या वर एकमेकींना छेदून गेल्या आणि त्या बेचक्यात फळी बसवली. करवत नाही, लोखंडी खिळा नाही! ओकचे मोठाले बुंधे पाचरी ठोकून फोडले आणि त्यांच्या फळ्या केल्या. मेखांसाठी बऱ्याच सरळसोट काठ्या वापरल्या. झाड बुडाशी तोडले की खोडाला असे धुमारे फुटतात, हे तुम्हाला सांगायला नकोच. म्हणजे ते लोक रान नुसते तोडत नव्हते, राखतही होते.

लाकडातली वलये मोजून झाडे तोडल्याचा काळही ठरला : इसवी सनापूर्वी ३८०७ सालचा हिवाळा किंवा त्यानंतरचा वसंत. वाटेशेजारी हिरव्या जेड दगडाची एक घोटीव कुऱ्हाड सापडली. तो दगड शेकडो मैल दूर असलेल्या आल्प्स पर्वतातला! म्हणजे त्या काळीही वस्तू हातोहात दूरवर जात होत्या.

आपल्या कोरड्या मातीत लाकूड सहसा टिकत नाही. पण घोड नदीकाठच्या इनामगावला, त्यानंतरच्या ताम्रपाषाण काळात, खांब कुजून गेले तरी त्यांचे खड्डे राहिले आणि त्यांवरून झोपड्यांचे आकार कळले. तेव्हा गुरुजी, एखाद्या मुलाने घोटीव दगड आणून दाखवला तर कौतुक अवश्य करा. पण त्याला आधी विचारा, "कुठे सापडला, बाळ?" ती जागा उकरू देऊ नका, तिची नोंद करा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. दगड हातात येतो. पण त्याची गोष्ट भोवतालच्या मातीत असते. माती एकदा विस्कटली की ती गोष्ट पुन्हा वाचता येत नाही.